जलोदर, कोंबड्यांतील

अंड्यावरच्या वयस्क कोंबडीचे पोट पाणी, बलक, पू, चरबी किंवा गाठ यांमुळे फुगणे. खरा जलोदर म्हणजे पोटात पाणी साठणे. पण पोट सुटलेल्या प्रत्येक कोंबडीला सर्रास हेच नाव दिले जाते. हा एक रोग नसून अनेक रोगांची सारखीच दिसणारी खूण आहे. झपाट्याने वाढणाऱ्या ब्रॉयलरला हृदय-फुफ्फुसांवरच्या ताणामुळे होणारा जलोदर निराळा. त्याचा येथे विचार केलेला नाही.

हैदराबादच्या आसपास अंड्यांची मोठी फार्मे असली, तरी ही अवस्था तिथे फारशी पाहायला मिळत नाही. साधे कारण असे की व्यापारी फार्मवर कोंबडीला म्हातारी होऊ देत नाहीत. अंडी उतरू लागली की ती विकली जाते. तीन-चार वर्षांची कोंबडी भेटते ती परसात, गच्चीवर, खुराड्यात. शहरालगतच्या राजेंद्रनगर येथे १९८८ मध्ये सुरू झालेल्या कुक्कुट प्रकल्प संचालनालयाने (आताचे कुक्कुट संशोधन संचालनालय) परसासाठी वनराजा, ग्रामप्रिया, श्रीनिधी अशा जाती तयार केल्या. त्यातली वनराजा अंगाने भारी. घरचे उरलेसुरले अन्न आणि वर धान्य मिळाले की तिच्या पोटात चरबी साठते. असे चरबीचे पोट आणि आजाराचे पोट यांत नवख्याची फसगत होते.

कोंबडीचे डावे अंडाशय आणि डावी अंडनलिका एवढीच कामाची असतात. अंडाशयातून सुटलेला बलक नलिकेच्या नरसाळ्यासारख्या तोंडाने झेलायचा असतो. नेम चुकला तर तो पोटात पडतो. एरवी तो जिरून जातो; मात्र ई. कोलाय जंतू अंडनलिकेतून वर चढले, तर पोटाच्या आतल्या आवरणाला सूज येते आणि पिवळट, चिजासारखे गोळे साचतात. अगदी लहान पिल्लू असताना सांसर्गिक ब्राँकायटिस झालेल्या काही कोंबड्यांची अंडनलिका कायमची बिघडते. त्या घरट्यात बसतात, पण अंडे देत नाहीत, आणि नलिकेत पाणी भरत जाते. दोन-अडीच वर्षांनंतर अंडाशयाच्या कर्करोगाची शक्यता वाढते. सतत अंडी देणाऱ्या कोंबडीला हा रोग आपोआप होतो, म्हणून स्त्रियांच्या अंडाशयाच्या कर्करोगावरील संशोधनात तिचा उपयोग केला जातो. यकृत सुजल्यानेही पोट खाली येते.

ओळख डोळ्यांपेक्षा हातांना आधी पटते. रात्री कोंबडी दांड्यावर शांत असताना तिला काखेत धरावे आणि छातीचे हाड संपते तिथपासून मागच्या दोन हाडांपर्यंत बोटे फिरवावीत. अंड्यावरच्या निरोगी कोंबडीचे पोट मऊ, सैल लागते. पाण्याचे पोट भरलेल्या फुग्यासारखे ताणलेले असते. एका बाजूला हलकी टिचकी मारली की दुसऱ्या बाजूच्या तळव्याला लाट जाणवते. मळलेल्या कणकेसारखा भरीवपणा चरबीचा किंवा साचलेल्या बलकाचा, तर बुडाजवळ एकच टणक गोळा लागला तर बहुधा अडकलेले अंडे. वजनकाट्यावर विसंबू नये. पोटातले पाणी वजन भरून काढते आणि छातीचे मांस झडून हाड सुरीच्या पात्यासारखे लागले तरी काटा काही सांगत नाही. म्हणून पोटासोबत छाती चाचपणे अत्यावश्यक.

पुढे कोंबडी पाय फाकवून, पेंग्विनसारखी उभी राहते. तुरा फिका पडतो, बुडाची पिसे माखतात, दांड्यावर उडी मारवत नाही. पक्ष्यांना माणसासारखे श्वासपटल नसते. फुगलेले पोट थेट हवेच्या पिशव्या दाबते आणि धाप लागते. एप्रिल-मेच्या उन्हात हैदराबादेत धडधाकट कोंबडीही चोच उघडून धापा टाकते, पण ती संध्याकाळी गार वाऱ्यात शांत होते. पोटाची धाप थांबत नाही. तुरा पिसे झडण्याच्या काळातही फिकटतो, खुडूक कोंबडीही फुगून बसते; तेवढ्यावरून निदान करू नये.

अडकलेल्या अंड्याला कोमट पाण्यात बसवणे आणि अंधारी, निवांत जागा देणे हा घरगुती उपाय. अंडे आत फोडू नये. पोटातले पाणी पशुवैद्यकानेच सुईने, सावकाश काढावे. पाणी भरभर निघाले तर पक्षी कोसळतो. पाणी काढल्याने श्वास मोकळा होतो, पण मूळ कारण कायम राहिले तर पाणी पुन्हा भरते. पशुवैद्यकाने प्रतिजैविक सांगितले असेल, तर त्या काळात आणि त्यानंतर ठरवून दिलेल्या दिवसांत अंडी खाऊ नयेत. कोलिस्टिन हे प्रतिजैविक अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांसाठी बनवण्यास आणि विकण्यास भारतात २०१९ पासून बंदी आहे. बलकाची जुनी सूज किंवा कर्करोग असेल तर पक्षी सहसा वाचत नाही, आणि त्याचे हाल थांबवणे हाच उपचार उरतो.

मेलेली कोंबडी फ्रीजरमध्ये न ठेवता गार ठेवून लवकर तपासणीस न्यावी. गोठलेल्या मांसातून निदान कठीण होते. कळपातल्या अनेक कोंबड्या एकाएकी मेल्या, तर मात्र पोट फाडून पाहण्याच्या भानगडीत न पडता पशुसंवर्धन खात्याला कळवावे, कारण तेव्हा शंका बर्ड फ्लूची असते.