वेताच्या कासवाचा अज्ञातवास

मराठीत कासव म्हणजे कासव. समुद्रातले, विहिरीतले, रानातले, सर्वांना आपला शब्द एकच. देवळाच्या सभामंडपात ज्याला वळसा घालून आपण गाभाऱ्याकडे जातो त्या दगडी कूर्मालाही तोच. प्राणिशास्त्र मात्र जमिनीवरची कासवे आणि पाण्यातली कासवे यांची कुळे वेगळी मानते. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडील अरण्यांत असे एक कासव आहे, की ज्याचे कूळ पाण्यातल्यांचे, पण वास्तव्य सदैव कोरड्या भूमीवर. त्याच्या शोधाची कथा वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटते.

मद्रासच्या सरकारी संग्रहालयाचे अधीक्षक जॉन रॉबर्टसन हेंडरसन यांनी 1912 साली त्याचे प्रथम वर्णन केले. तत्कालीन कोचीन संस्थानात कवलाईजवळच्या दाट जंगलात, सुमारे 1500 फूट उंचीवर मिळालेले दोन नमुने एवढाच त्यांचा आधार. त्यांनी नाव दिले जिओएमिडा सिल्व्हाटिका, म्हणजे अरण्यातील. याच डोंगरांतून संस्थानची ट्राम साग आणि शिसव वाहून चालकुडीला उतरवीत असे. माणसांची व लाकडांची एवढी वर्दळ, तरी पुढची 70 वर्षे या कासवाचे दर्शन कोणाही अभ्यासकास झाले नाही. पांडवांना अज्ञातवास एकाच वर्षाचा होता.

आमची हयात सरकारी नोकरीत गेली. ‘आढळून येत नाही’ हा शेरा कागदावर किती सहज उमटतो हे आम्ही जाणतो. तो शेरा मारणाऱ्याने विचारले कोणाला, हे कागदावर क्वचितच असते. येथेही तसेच घडले. त्या जंगलात मध आणि वनोपज गोळा करून राहणाऱ्या कादर लोकांना हे कासव चांगले ठाऊक होते. ‘चूरल आमा’ म्हणजे वेताचे कासव, असे ते त्याला म्हणत, आणि सापडल्यास खातही असत. ग्रंथांतून नाहीसा झालेला प्राणी त्यांच्या चुलीपर्यंत येत होता!

त्यांना विचारले ते जे. विजया या तरुणीने. जन्म 1959 चा. रोम्युलस व्हिटेकर यांनी उभारलेल्या मद्रासच्या सर्पोद्यानात त्या कामाला लागल्या. भारतातील पहिल्या स्त्री सरीसृपतज्ज्ञ म्हणून त्यांचा उल्लेख होतो. 1982 साली कादरांच्या साहाय्याने त्यांनी चालकुडीच्या जंगलात हे कासव पुन्हा शोधून काढले. तेवढ्यावर न थांबता अरण्यातील एका गुहेत मुक्काम ठोकून त्यांनी त्याची दिनचर्या न्याहाळली. हत्तींच्या त्या मुलखात हे साधे काम नव्हे. 1987 साली, तिशी गाठण्यापूर्वीच, विजयांचे निधन झाले.

आज या कासवाविषयी जे ज्ञान आहे, त्याचा पाया या परिश्रमांत आहे. पूर्ण वाढलेल्याची पाठ जेमतेम 12-13 सेंटिमीटर, म्हणजे तळहातावर मावेल एवढी. पाठीवर तीन उभे कंगोरे. रंग तपकिरी, वाळक्या पानांत बेमालूम मिसळणारा. तोंडाचा पुढचा भाग मात्र पिवळा आणि नाकाच्या शेंड्यावर तांबडा ठिपका. विणीच्या काळात नराचा चेहरा अधिकच रंगतो. दिवसा ते पाचोळ्यात किंवा उथळ बिळात स्वस्थ पडते. भटकंती अंधार पडू लागल्यावर. गळालेली फळे, कोवळी पाने, गोगलगायी, किडे, सर्व चालते. ओलसर सावली मात्र त्याला हवीच. छत्र तोडले की जमीन तापते, पाचोळा सुकतो आणि त्याबरोबर त्याचे घर व अन्न दोन्ही जाते.

मादी एका वेळी बहुधा दोनच अंडी घालते. देहाच्या मानाने ती चांगलीच मोठी असतात. शंभरावर अंडी घालणारी समुद्रकासवे नुकसान सोसू शकतात. दोन अंड्यांच्या संसारात एक प्रौढ मादी मारली गेली तरी ती उणीव भरून निघण्यास वर्षे लागतात. मळे, रस्ते, धरणे यांनी अरण्याचे तुकडे केले आहेत. केरळखेरीज कर्नाटकाच्या घाटांतही त्याच्या नोंदी झाल्या, हे समाधानकारक असले तरी जागतिक यादीत ते संकटग्रस्तच गणले जाते.

नावाची गोष्ट राहिली. मध्यंतरी अभ्यासकांनी त्याला हिओसेमिस या आशियाई गणात बसविले होते. 2006 साली जनुकांच्या तपासणीवरून ते सर्वांहून निराळे असल्याचे ठरले आणि त्याच्यासाठी नवा गण निर्माण करण्यात आला. ग्रीक भाषेत चेलिस म्हणजे कासव. त्यावरून गणाचे नाव ठेवले विजयाचेलिस. सिल्व्हाटिका हे हेंडरसनांचे विशेषण त्यापुढे कायम राहिले. कादरांचा शब्द शास्त्रीय नावात नाही. मात्र इंग्रजी पुस्तकांतून हा प्राणी आजही ‘केन टर्टल’, म्हणजे वेताचे कासव, या नावानेच ओळखला जातो.