एका तासाची मुदत

लाठी उगारण्याआधी किंवा अश्रुधुराचं नळकांडं सोडण्याआधी पोलीस अधिकारी भोंग्यावरून बजावतो, की हा जमाव बेकायदेशीर आहे, सगळ्यांनी पांगावं. आपल्याकडच्या मोर्चांना ही घोषणा पाठ आहे. तिचं कूळ मात्र तीनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये सापडतं, आणि तिथे या घोषणेबरोबर एक अशी गोष्ट होती जी पुढच्या प्रवासात गळून पडली. ती म्हणजे मुदत.

१७१४ च्या ऑगस्टमध्ये राणी ॲन वारली. मूल मागे नव्हतं, म्हणून जर्मनीतल्या हॅनोव्हरहून जॉर्ज पहिला गादीवर आणला गेला. हा परका राजा अनेकांना नको होता. राज्याभिषेकाच्या दिवशी गावोगावी दंगे झाले आणि पुढच्या उन्हाळ्यात जमावांनी प्रस्थापित चर्चपासून वेगळ्या झालेल्या पंथीयांची प्रार्थनागृहं फोडली. घाबरलेल्या संसदेने जो कायदा केला, तो १ ऑगस्ट १७१५ पासून लागू झाला. इतिहासात तो ‘रायट ॲक्ट’ म्हणून ओळखला जातो.

रचना सोपी होती. बारा किंवा अधिक माणसं बेकायदा जमून शांतताभंग करत असतील, तर महापौर, शेरीफ किंवा न्यायदंडाधिकाऱ्याने जमावाजवळ जाऊन राजाची आज्ञा मोठ्याने वाचायची: ताबडतोब पांगा, शांतपणे घरी किंवा कामाला जा. त्यानंतर तासभर थांबायचं. तासानंतरही जे तिथेच राहतील त्यांना देहदंड. बाराचा आकडा आणि तासाची सवलत ट्यूडर काळातल्या कायद्यांमधूनच आली होती. पण याच कायद्यात दुसरंही कलम होतं: जमाव पांगवताना कुणी मेलं, तर पांगवणाऱ्यांवर गुन्हा नाही. म्हणजे ही आज्ञा जमावाला सावध करत होती, तशीच अधिकाऱ्याला संरक्षणही देत होती. या दोन कामांतलं कोणतं खरं, हा प्रश्न तेव्हापासून या घोषणेला चिकटलेला आहे.

शब्दांचा काटेकोरपणा विलक्षण होता. शेवटी ‘देव राजाचं रक्षण करो’ एवढं म्हणायचं राहून गेलं, म्हणून १८३० च्या एका खटल्यात आरोपींना या कायद्याखाली दोषी धरता आलं नाही.

अठराव्या शतकात लंडनला संघटित पोलीस दल नव्हतं. ते आलं १८२९ मध्ये. शहराची शांतता राखायची ती नगराच्या अधिकाऱ्यांनी, आणि गरज पडल्यास सैन्य बोलावून. १७८० च्या जूनमध्ये ही व्यवस्था उघडी पडली. कॅथलिकांना दिलेल्या सवलतींविरुद्ध लॉर्ड जॉर्ज गॉर्डनच्या मागे निघालेला जमाव हाताबाहेर गेला. न्यूगेटचा तुरुंग जाळला गेला. सैनिक रस्त्यावर उभे होते, पण आज्ञा वाचणारा न्यायदंडाधिकारीच मिळेना. ज्यांनी पुढे यायचं त्यांना आपलंही घर पेटेल अशी धास्ती होती. लॉर्ड मेयर ब्रॅकली केनेट यांनी आज्ञा वाचलीच नाही, आणि पुढे या हलगर्जीपणाबद्दल त्यांना न्यायालयाने दोषी ठरवलं. अखेर सरकारने ठरवलं की वाचनाची वाट न पाहता सैन्याने कारवाई करावी. सुमारे तीनशे माणसं मेली. मुदतीला पहिला तडा इथे गेला.

दुसरा तडा अधिक लाजिरवाणा. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर साठेक हजार माणसं मताधिकाराच्या मागणीसाठी जमली होती. बायका-मुलं होती, अंगावर ठेवणीतले कपडे होते. वक्ता हेन्री हंट याला पकडायला न्यायदंडाधिकाऱ्यांनी घोडदळ सोडलं. मैदानाकडेच्या घराच्या खिडकीतून आज्ञा वाचली होती, असा दावा त्यांनी नंतर केला. साठ हजारांच्या गलक्यात खिडकीतला आवाज किती जणांपर्यंत पोचणार! तासाची तर कुणी वाटच पाहिली नाही. सुमारे अठरा जण मारले गेले, शेकडो जखमी झाले. वाचल्याचा दावा अधिकाऱ्यांच्या कामी आला. मैदानातल्या माणसांना त्याचा काही उपयोग झाला नाही.

इंग्रजांनी भारतासाठी कायदे लिहिले तेव्हा ही घोषणा आली, पण सोलून. भारतीय दंडविधानात बाराची पाच माणसं झाली. फौजदारी प्रक्रिया संहितेत दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याचा प्रमुख अधिकारी पांगण्याचा हुकूम देऊ शकत होता, आणि हुकूम मिळताच पांगणं हे जमावाचं कर्तव्य ठरत होतं. घड्याळ वगळलं गेलं. देहदंडही गेला, ही भरपाई खरी. पण गोळी झेलणाऱ्याला शिक्षेच्या कलमापेक्षा मिनिटं अधिक मोलाची असतात.

ती मिनिटं न दिल्याने काय होतं, ते अमृतसरने पाहिलं. १३ एप्रिल १९१९ च्या सकाळी जनरल डायरने ढोल वाजवून शहरात दवंडी फिरवली: चार माणसं एकत्र दिसली तरी तो बेकायदा जमाव समजून शस्त्रबळाने पांगवला जाईल. एकोणीस ठिकाणी ती वाचली गेली, तरी शहराचा मोठा भाग सुटला. बैसाखीसाठी बाहेरगावाहून आलेल्यांना तर ती ऐकू येण्याचं कारणच नव्हतं. संध्याकाळी जालियनवाला बागेत डायर शिरला आणि एक शब्दही न उच्चारता त्याने गोळीबाराचा हुकूम दिला. दहा मिनिटांत १६५० फैरी झडल्या. सरकारी आकड्यानुसार ३७९ माणसं मेली. भारतीयांच्या अंदाजानुसार त्याहून कितीतरी अधिक. चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीत मुंबईचे सर चिमणलाल सेटलवाड होते आणि डायरला त्यांनी धारदार प्रश्न विचारले. समितीतल्या इंग्रज सदस्यांच्या बहुमताच्या अहवालानेही दोन गोष्टींवर बोट ठेवलं: पांगण्याची संधी न देता केलेला गोळीबार आणि तो चालू ठेवलेला कालावधी. सकाळच्या दवंडीने संध्याकाळचा इशारा भरून निघत नाही, हे तेव्हा साम्राज्याच्या बाजूच्या माणसांनाही मान्य करावं लागलं.

आज्ञा नुसती असून भागत नाही, ती स्पष्टही हवी, हे हाँगकाँगमध्ये दिसलं. २८ सप्टेंबर २०१४ रोजी लोकशाहीवादी आंदोलकांसमोर पोलिसांनी फलक धरला, त्यावर नारिंगी पार्श्वभूमीवर लिहिलं होतं, ‘पांगा, नाहीतर गोळीबार करू’. प्रत्यक्षात अश्रुधुराची ८७ नळकांडी सुटली. पण गोळीबाराच्या शक्यतेने शहर हादरलं आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावरची गर्दी उलट वाढली.

इंग्लंडने रायट ॲक्ट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रद्द केला. तोवर कैक दशकं तो क्वचितच वापरला जात होता. भारतात तो धागा अजून चालू आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ मध्ये पांगण्याचा हुकूम तसाच उतरला आहे: पाच किंवा अधिक माणसं, कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाण्याचा प्रमुख अधिकारी, आणि या प्रमुखाच्या अनुपस्थितीत किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी. सगळी संहिता नव्याने लिहिली जात असताना ‘ऐकू जाईल असा’ आणि ‘वाजवी वेळ देऊन’ एवढे शब्द घालता आले असते. ते अजूनही घालायला हवेत. तोवर किती वेळ थांबायचं, हे भोंगा हातात असलेल्या अधिकाऱ्याच्या विवेकावरच राहणार आहे.