सोपाऱ्याचे करंडक : वारसा कोणाचा?

शहाड येथील उल्हास नदीच्या पुलावरून जाताना आम्हांस प्राचीन कल्याण आठवते. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या सुवर्णकार सामिदत्ताने दिलेल्या पाण्याच्या पोढीची नोंद आहे. दान एकदा संघास अर्पण केले की त्यावर दात्याचा हक्क उरत नाही. याच कसोटीवर आपल्याच जिल्ह्याच्या जुन्या हद्दीतील सोपाऱ्याच्या अवशेषांचा प्रवास आम्ही येथे पाहणार आहोत.

एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपारा येथील 'बुरूड राजाचा कोट' या नावाने ओळखला जाणारा स्तूप उत्खनित केला. विटांच्या गाभ्यात दगडी पेटी निघाली. तीत तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने असे एकात एक ठेवलेले करंडक होते. सर्वांत आतील सुवर्णकरंडकात मातीच्या पात्राचे १३ तुकडे होते. ते भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे मानले जातात. यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे त्या ठेव्यास इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाशी जोडते. भोवती मांडलेल्या ८ कांस्यमूर्ती, म्हणजे सात बुद्ध व मैत्रेय, मात्र आठव्या-नवव्या शतकांच्या आहेत. अर्थात मधल्या शतकांतही या स्तूपाची पूजा थांबली नव्हती.

पुढे हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आला. त्याच वर्षी सोपाऱ्यात मिळालेला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. नवव्या शिलालेखाचा तुकडा १९५६ मध्ये भुईगाव येथे मिळाला. त्याच वर्षी पूज्य बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, हा योगायोग आम्हांस विसरता येत नाही.

प्रत्येक ठेव्यास असे भाग्य लाभत नाही. विल्यम पेप्पे यांनी १८९८ मध्ये पिप्रहवा येथे उकरलेल्या स्तूपातील अस्थी सयामच्या राजास गेल्या, रत्नांचा मोठा भाग कलकत्त्याच्या संग्रहालयात गेला, पण काही रत्ने पेप्पे कुटुंबाकडे राहिली. मे २०२५ मध्ये हाँगकाँग येथे त्यांचा लिलाव ठरला होता. भारत सरकारच्या आक्षेपानंतर तो थांबला आणि जुलै २०२५ मध्ये ती रत्ने गोदरेज समूहाच्या साहाय्याने मायदेशी परतली. धातूंसह अर्पण केलेल्या दानाला बाजारभाव लावला गेला, हीच वेदनेची बाब होय.

म्हणून आम्ही म्हणतो, संस्था ही अशा ठेव्याची मालक नसते, विश्वस्त असते. जतन हे तिचे कर्तव्य आहे आणि दर्शन व अभ्यास हा जनतेचा हक्क. आपणही सोपाऱ्याच्या स्तूपाला व मुंबईच्या संग्रहालयांना मुलाबाळांसह भेट द्यावी, नोंदी वाचाव्यात. वारशाची विचारपूस करणाराच त्याचा खरा वारसदार ठरतो.