मोकळा माणूस

रोमच्या ऑलिंपिक मैदानावर ८ जुलै १९९० रोजी विश्वचषकाचा अंतिम सामना संपला, तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र कधीच उलटून गेली होती. दूरदर्शनसमोर जागत बसलेल्यांच्या स्मरणात तो सामना फारसा राहिलेला नाही आणि त्यात त्यांचा दोषही नाही. रटाळ, धुसफुशीचा खेळ, अर्जेंटिनाच्या दोघांची हकालपट्टी आणि ८५व्या मिनिटाला आंद्रेआस ब्रेमेने पेनल्टीवर केलेला एकमेव गोल. लक्षात राहिले ते त्यानंतरचे दृश्य. पश्चिम जर्मनीचे खेळाडू एकमेकांच्या अंगावर झेपावत होते आणि त्यांचा प्रशिक्षक, गळ्यात पदक घालून, त्या गदारोळापासून दूर, हिरवळीवर संथ पावलांनी एकटाच चालत होता.

फ्रान्झ बेकेनबाउर मैदानावर नेहमी असाच वावरला. घोळक्यापासून चार हात लांब, मान ताठ, नजर दूरवर. खेळाडू म्हणून आणि प्रशिक्षक म्हणून अशा दोन्ही नात्यांनी विश्वचषक जिंकणारे तीनच पुरुष फुटबॉलच्या इतिहासात आहेत. ब्राझीलचा मारिओ झागालो आणि फ्रान्सचा दिदिए देशाँ हे अन्य दोघे. त्यांपैकी बचावपटू एकटा बेकेनबाउर. झागालो ५ जानेवारी २०२४ रोजी गेला आणि बेकेनबाउर ७ जानेवारीला. त्यानंतरच्या श्रद्धांजलींत त्याच्या ‘कैसर’ म्हणजे सम्राट या उपाधीचा भरपूर उल्लेख झाला. तथापि त्याच्या कारकिर्दीचा उलगडा त्या उपाधीपेक्षा ‘लिबेरो’ या दुसऱ्या एका शब्दातून अधिक होतो असे वाटते.

लिबेरो हा इटालियन शब्द. अर्थ, मोकळा. त्या काळच्या पद्धतीत प्रत्येक बचावपटूला प्रतिपक्षाचा एकेक आक्रमक नेमून दिलेला असे आणि सामनाभर त्याने सावलीसारखे त्याच्या मागे राहायचे. या नेमणुकीतून एकाला वगळून सर्वांच्या मागे उभे करत. कोणी चुकले, चेंडू निसटला, तर तो निस्तरण्याचे काम त्याचे. इटालियन संघांत हा मोकळा माणूस प्रत्यक्षात पहारेकरीच होता. त्याचे मोकळेपण फक्त मागे उभे राहण्यापुरते होते. बेकेनबाउरने ते पुढे जाण्यासाठी वापरले. इंटर मिलानचा डावा बचावपटू फाकेत्ती कडेने धावत जाऊन आक्रमणात सामील होई. तेच मधून का करू नये, असे आपल्या मनात आल्याचे त्याने सांगितले आहे. ज्याच्यावर कोणी नेमलेला नाही असा माणूस अचानक मागून चेंडू घेऊन निघाला, तर त्याला अडवायचे कोणी, या प्रश्नाचे उत्तर प्रतिपक्षांना बरीच वर्षे सापडले नाही.

हा सम्राट जन्मला मात्र म्युनिकच्या गीझिंग या कामकरी वस्तीत, ११ सप्टेंबर १९४५ रोजी, महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या शहरात. वडील टपाल खात्यात नोकरीला. मुलाला जायचे होते ते म्युनिकच्याच १८६० या त्या काळी अधिक नावाजलेल्या क्लबकडे. पण मुलांच्या एका स्पर्धेत त्या क्लबच्या खेळाडूने त्याच्या थोबाडीत मारली, आणि त्याने बायर्नची वाट धरली. विमा कंपनीत उमेदवारी करीत तो खेळत राहिला. १९६५मध्ये बायर्न बुंडेसलिगात आला, आणि १९७४ ते १९७६ अशी सलग तीन वर्षे युरोपियन चषक त्याच्या नेतृत्वाखाली याच क्लबने जिंकला. १९७०च्या विश्वचषकात इटलीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याचा खांदा निखळला. बदली खेळाडू संपले होते, म्हणून हात छातीशी बांधून तो अखेरपर्यंत खेळला. त्याच्या खेळाला कष्टाचे वावडे होते असे म्हणणाऱ्यांनी हे छायाचित्र एकदा पाहावे.

परंतु मोकळ्या माणसाचे मोकळेपण कोणीतरी भरून काढावे लागते. बायर्न आणि पश्चिम जर्मनी या दोन्ही संघांत हे काम गेओर्ग श्वार्त्सेनबेक या धिप्पाड, अबोल बचावपटूकडे होते. बेकेनबाउर चेंडू घेऊन पुढे गेला की मागची जागा राखायची, प्रतिपक्षाच्या मुख्य आक्रमकाशी झुंजायचे, ढोपरे फोडून घ्यायची. मे १९७४मध्ये ब्रुसेल्सला युरोपियन चषकाचा अंतिम सामना आतलेतिको माद्रिदच्या खिशात गेलेला असताना जादा वेळेच्या शेवटच्या क्षणी लांबून फटका मारून बरोबरी साधली ती या श्वार्त्सेनबेकने. फेरसामना बायर्नने ४-० असा जिंकला. त्या एका फटक्यावाचून पुढच्या वैभवाला सुरुवातच झाली नसती.

त्याच वर्षीच्या विश्वचषकात, २२ जून १९७४ रोजी, हाम्बुर्गला दोन जर्मनी समोरासमोर आल्या. पूर्व जर्मनीने युर्गेन स्पारवासरच्या गोलवर यजमानांना १-० असे हरवले. पश्चिम जर्मनीचे प्रशिक्षक हेल्मूट श्यून हे मूळचे ड्रेस्डेनचे, १९५०मध्ये पूर्वेकडून निघून आलेले. हा पराभव त्यांना किती लागला असेल, याची कल्पनाच केलेली बरी. त्यानंतर संघाची सूत्रे बव्हंशी कर्णधाराच्या हाती गेली असे मानले जाते. संघात बदल झाले, राइनर बोनहोफ आला, आणि ७ जुलैला म्युनिकमध्ये क्रॉइफच्या हॉलंडला २-१ असे नमवून चषक जिंकला गेला. बेकेनबाउरमधला प्रशिक्षक जन्मला तो बहुधा या पंधरवड्यात.

१९७७मध्ये, प्राप्तिकराच्या चौकशीचा ससेमिरा मागे लागलेला असताना, तो न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघाकडे गेला. पुढे तो हाम्बुर्गकडूनही खेळला आणि नंतर निवृत्त झाला. १९८४च्या युरोपीय स्पर्धेत पश्चिम जर्मनी साखळीतच गारद झाली आणि संघाची धुरा त्याच्याकडे आली. अडचण एकच होती. त्याच्याकडे प्रशिक्षकाचा परवाना नव्हता. जर्मनीसारख्या कागदपत्रांच्या देशात त्यावरही तोड निघाली. त्याला ‘प्रशिक्षक’ न म्हणता ‘संघप्रमुख’ म्हटले गेले आणि परवानाधारक सहकारी बरोबर दिले गेले. नियम इतरांसाठी होते. याच्यासाठी नवे पद निर्माण झाले.

मिळालेल्या संधीचे त्याने सोने केले हे मान्य करायला हवे. १९८६च्या अंतिम सामन्यात त्याने आपला सर्वोत्तम मध्यरक्षक लोथार माटेउस याला माराडोनाच्या मागे लावले. माराडोनाची थोडीबहुत कोंडी झाली, पण माटेउसही जखडला गेला. संघ ०-२ पिछाडीवरून बरोबरीला आला आणि अखेर २-३ हरला. चार वर्षांनी रोममध्ये पुन्हा तोच प्रतिस्पर्धी आला, तेव्हा माराडोनाला रोखण्याचे काम गिडो बुखवाल्डला देऊन त्याने माटेउसला मोकळे ठेवले. दुसऱ्याला मोकळे ठेवण्याची विद्या मोकळ्या माणसाला पहिल्या पराभवानंतर उमगली. एरवी १९९०चा तो संघ अधिक शिस्तीचा होता आणि त्याच्या स्वतःच्या खेळातली ऐट त्यात कमी होती. कलावंताने शाळा काढली, पण शिकवले मात्र व्याकरण, असे काहीसे झाले.

आणखी एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. १ जुलै १९९० रोजी पश्चिमेचे मार्क हे चलन पूर्व जर्मनीत लागू झाले. त्याच दिवशी मिलानमध्ये बेकेनबाउरच्या संघाने चेकोस्लोव्हाकियाला हरवून उपांत्य फेरी गाठली. अंतिम सामन्यातील विजयानंतर तो म्हणाला की, आता पूर्वेचे खेळाडूही येऊन मिळतील आणि हा संघ पुढची कित्येक वर्षे अजिंक्य राहील. उरलेल्या जगाबद्दल त्याने खेदही व्यक्त केला. इतिहासाने त्याला दाद दिली नाही. १९९२मध्ये एकसंध जर्मनी डेन्मार्ककडून हरली, १९९४मध्ये बल्गेरियाकडून. विश्वचषक पुन्हा मिळायला २०१४ उजाडले.

नंतर मार्सेय आणि बायर्न येथे त्याने प्रशिक्षकपद अल्पकाळच सांभाळले. १९९४पासून २००९पर्यंत तो बायर्नचा अध्यक्ष होता. जुलै २०००मध्ये दक्षिण आफ्रिकेला १२ विरुद्ध ११ मतांनी मागे टाकून जर्मनीने २००६च्या विश्वचषकाचे यजमानपद मिळवले ते त्याच्या पुढाकाराने. २०१५मध्ये याच यशाभोवतीच्या ६७ लाख युरोंच्या व्यवहाराचे प्रकरण बाहेर आले. गैरव्यवहाराचा आरोप त्याने नाकारला. स्वित्झर्लंडमधला खटला २०२०मध्ये मुदत संपल्यामुळे निकालाविनाच बारगळला. म्हणजे दोषही सिद्ध झाला नाही आणि निर्दोषत्वही. त्याआधी २०१३मध्ये कतारमधील परदेशी मजुरांच्या हलाखीविषयी विचारले असता तो म्हणाला होता की, आपल्याला तेथे एकही गुलाम दिसला नाही, सगळे मोकळे फिरतात. सबंध मैदान मागून पाहणाऱ्या त्या विलक्षण नजरेला मजूर दिसले नाहीत, ही बाब आम्हांला त्या पैशांच्या प्रकरणापेक्षाही अधिक बोचते.

नेमून दिलेल्या कामातून सूट, परवान्यातून सूट, आणि अखेर जाब देण्यातूनही सूट. एकाच गुणाची ही चढती, मग उतरती कमान आहे. ज्या मोकळेपणाने खेळ श्रीमंत केला, तेच मैदानाबाहेर आल्यावर विशेषाधिकार होऊन बसले. याचे सारे अपश्रेय एकट्या बेकेनबाउरला देणे न्याय्य होणार नाही. सूट देणारे हात पुष्कळ होते, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत आपणही होतो.

श्वार्त्सेनबेकने निवृत्तीनंतर म्युनिकमध्ये वह्या-पेन्सिलींचे दुकान चालवले. बायर्नच्या कचेरीला लागणारी लेखनसामग्री कित्येक वर्षे त्याच दुकानातून जात असे.