तेच गाणे, पण कोणते?

वाचकहो, आपण सगळेच सहज म्हणून जातो की, अमुक गाणे मी शेकडो वेळा ऐकले आहे. ते चित्रपटगृहात ऐकले, रेडिओवर ऐकले, शेजाऱ्यांच्या ग्रामोफोनवर ऐकले, पुढे कॅसेटवर आणि त्याहून पुढे सीडीवर ऐकले. गाणे एकच, साधने निरनिराळी, अशी आपली समजूत. मीही बरीच वर्षे तसेच समजत होतो. ती समजूत मोडली मुलुंडला विकत घेतलेल्या एका सीडीने.

स्टेशनबाहेर एक दुकानदार दुकान आवरायला निघाला होता. मिळेल त्या किमतीला माल काढून टाकीत होता. 'ऐंशीच्या दशकातील निवडक गीते' अशा थाटाची एक सीडी मी उचलली. कंपनीचे नाव सांगत नाही. भांडण उकरायचे नाही. थोरल्या बहिणीचे यजमान घाटकोपरला राहतात आणि त्यांच्याकडे त्याच काळातल्या मोठ्या तबकड्या, म्हणजे एल.पी., जपून ठेवलेल्या आहेत. रविवारी सीडी घेऊन त्यांच्याकडे गेलो. आधी तबकडी लावली, मग सीडी. पहिल्याच गाण्याला भाऊजी हसले. म्हणाले, "अरे, सुरुवातीची सनई कुठे गेली?" खरेच, वाद्यांचे पहिले आठ-दहा सेकंद कापलेले! दुसरे गाणे लागले तेव्हा त्यांनी पेटी पुढे ओढली. तबकडीवर गाण्याचा षड्ज पांढरी एकवर, सीडीवर तो काळी एकवर. अर्ध्या स्वराने गाणे वर चढलेले. तिसऱ्या गाण्याला तर आम्ही दोघेही गप्प झालो. चाल तीच, शब्द तेच, पण आवाज दुसऱ्याचा. वेष्टनावर मूळ गायकाचे नाव ठळक, आणि प्रत्यक्ष गाणाऱ्याचे? ते मागच्या बाजूला, भिंग लावून वाचावे अशा अक्षरांत.

आता यात नुसती फसवणूक आहे असे म्हणून मोकळे होता येईल. पण मला या तिन्ही प्रकारांच्या मागे एक इतिहास दिसला, आणि गंमत अशी की, तो पुष्कळसा आपल्या उपनगरांतच घडलेला आहे. तो पाहायचा तर आधी मालाडला उतरले पाहिजे.

मालाडला 1934 साली हिमांशू राय आणि देविका राणी यांनी 'बॉम्बे टॉकीज'ची स्थापना केली. 1936 सालच्या 'अछूत कन्या'तली गाणी देविका राणी आणि अशोककुमार यांनी स्वतःच गायिली. संगीत सरस्वतीदेवींचे. त्या दिवसांत चित्रपटातले गाणे वेगळे आणि बाजारात येणारी तबकडी वेगळी असे पुष्कळदा होई. चित्रपटासाठी आवाज फिल्मच्या कडेला प्रकाशाने छापला जाई. तबकडीसाठी तेच गाणे ग्रामोफोन कंपनीच्या ध्वनिमुद्रणयंत्रापुढे पुन्हा गावे लागे. म्हणजे अगदी पहिल्यापासून एका गाण्याच्या दोन आवृत्त्या. आणि दुसरी आवृत्ती गाताना घड्याळ समोर असे. दहा इंची, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर सव्वातीन मिनिटांच्या आसपास गाणे मावायचे. लांबलेले गाणे दोन बाजूंत तोडा, नाहीतर एखादे कडवे गाळा. आपण ज्याला 'भावगीताचा आटोपशीर घाट' म्हणून नावाजतो, त्यात कवीचा वाटा किती आणि लाखेच्या तबकडीचा वाटा किती, हे एकदा कोणीतरी तपासायला हवे.

याच बॉम्बे टॉकीजने 1949 साली 'महल' काढला. दिग्दर्शक कमाल अमरोही, संगीत खेमचंद प्रकाश यांचे, पडद्यावर मधुबाला आणि अशोककुमार. येणाऱ्याची वाट पाहणारे त्यातले लता मंगेशकरांचे गाणे कोणाला ठाऊक नाही? आवाज लांबून जवळ येतो आहे असा भास त्या गाण्यात हवा होता. आज यंत्राचे एक बटण फिरवले की काम झाले. तेव्हा काय केले? मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागी ठेवला आणि लताबाई कोपऱ्यातून गात गात, पावलापावलाने त्याच्याकडे चालत आल्या. ही हकीकत त्यांनीच पुढे सांगितली आहे. म्हणजे त्या मुद्रणात नुसता आवाज नाही, मालाडच्या त्या खोलीची लांबीरुंदीही आहे. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

त्या गाण्याची तबकडी निघाली. तिच्यावर गायिकेचे नाव छापले होते 'कामिनी'! कामिनी हे चित्रपटातल्या पात्राचे नाव. तेव्हाची रीतच तशी होती. गाणारी माणसे पडद्याआड आणि लेबलाआडही. रेडिओवर गाणे वाजू लागले आणि श्रोत्यांची विचारणा सुरू झाली की, ही कामिनी कोण? अखेर रेडिओने कंपनीकडून नाव मिळवून ते सांगितले, असे सांगतात. तिकिटाचे पैसे टाकून, पत्र लिहून लोकांनी एका गायिकेचे नाव मागून घेतले, ही मला त्या काळातली फार मोठी गोष्ट वाटते.

मुद्रण मुंबईत होई. तबकड्या छापल्या जात कलकत्त्याजवळ डमडमच्या कारखान्यात. तिथून त्या देशभर जात. पुढे 33⅓ फेऱ्यांची एल.पी. आली, 45 फेऱ्यांची लहान तबकडी आली, आणि 1970 च्या सुमारास 78 फेऱ्यांची तबकडी आपल्याकडे बंद पडली. जुनी गाणी एल.पी.वर उतरवताना जे हाताशी असेल त्यावरून उतरवली गेली: कधी मूळ धातूच्या साच्यावरून, कधी फितीवरून, कधी एखाद्या बऱ्या अवस्थेतल्या तबकडीवरून. मराठी वाचकांना दुसरे एक जवळचे उदाहरण देतो. पुणे आकाशवाणीवरून 1 एप्रिल 1955 पासून वर्षभर 'गीतरामायण' प्रसारित झाले. 56 गीते. ती गाणाऱ्यांत सुधीर फडके होते, तसेच माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लताबाईही होत्या. पण घराघरांत जे पोहोचले ते बाबूजींच्या एकट्याच्या आवाजातले, पुढे तबकड्यांवर निघालेले. माझ्या पिढीतल्या कित्येकांना मूळ प्रसारणात दुसरे आवाज होते, हेच माहीत नाही. दोन्ही खरी, पण एक आठवणीत राहिली आणि दुसरी मागे पडली.

असो. आता ऐंशीच्या दशकाकडे येऊ, कारण सीडी त्या दशकाची होती.

त्या दशकाचे पहिले वर्ष आठवा. 31 जुलै 1980 ला महंमद रफी गेले. जुहूच्या कबरस्तानात त्यांचे दफन झाले. दशक सरता सरता, 13 ऑक्टोबर 1987 ला किशोरकुमार गेले. लोकांना त्यांचे आवाज हवे होते, आणि नेमके त्याच वेळी ते आवाज घरी नेण्याचे स्वस्त साधन हाती आले, ते म्हणजे कॅसेट. फिलिप्स कंपनीने ती 1963 सालीच काढली होती; आपल्याकडे तिचा खरा सुकाळ ऐंशीनंतरचा. तबकडीचे यंत्र श्रीमंताच्या दिवाणखान्यातले. कॅसेटचे यंत्र गल्लीतल्या पानवाल्याकडे, केशकर्तनालयात, आणि रिक्षात. वाचकहो, ही रिक्षा फार महत्त्वाची आहे. मुंबई शहरात ती चालत नाही, उपनगरांत चालते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपरच्या रिक्षांत इंजिनाच्या फटफटाटावर मात करायची तर गाण्यात ठेका दणकट हवा. मग जुन्या गाण्यांवर मागाहून ढोल आणि विजेचे तबले चढवलेल्या 'झंकार' कॅसेटी आल्या. शुद्ध अभिरुचीची माणसे त्यांना नाके मुरडतात. मीही मुरडतो. पण ती आवृत्ती त्या आवाजात, त्या रस्त्यासाठी तयार झाली होती, एवढे मान्य करायला हवे.

कॅसेटचा आवाज कसा होता? फीत जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद आणि सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकणारी. स्टुडिओतली फीत 38 सेंटिमीटरने धावे, म्हणजे आठपट वेगाने. तेव्हा बारीक सूर पुसट होणे आणि मागे 'स्स्स' असा आवाज राहणे अटळच. त्यातून नक्कल करणारे यंत्र थोडे वेगाने फिरले की स्वर वर चढतो. सहा टक्के वेग वाढला की अर्धा स्वर वाढतो, आणि तीन मिनिटे वीस सेकंदांचे गाणे अकरा सेकंद आधीच संपते. घाटकोपरच्या पेटीवर आम्हांला सापडलेला काळी एकचा षड्ज बहुधा असाच कुठल्यातरी फितीवरून आलेला. सीडीने स्वर चढवला नव्हता. चढलेला स्वर तिने इमानाने जपून ठेवला होता!

राहिला तिसरा प्रकार, दुसऱ्याच्या आवाजाचा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात एक वाट होती. एखाद्या गाण्याची तबकडी एकदा निघाली की ठरलेली सूचना आणि स्वामित्वधन देऊन तेच गाणे दुसऱ्याकडून गाऊन घेऊन विकता येई. तबकड्यांच्या काळात त्या वाटेने फारसे कोणी गेले नाही. ऐंशीत गेले. गुलशनकुमार यांची टी-सिरीज या बाबतीत सर्वांत पुढे होती. दिल्लीतून सुरू झालेला हा व्यवसाय मुंबईत येऊन अंधेरीच्या चित्रपटसृष्टीत रुजला, आणि 12 ऑगस्ट 1997 ला अंधेरीतच गुलशनकुमार यांची हत्या झाली. या 'व्हर्शन' गाण्यांवर टीका करणे सोपे आहे. पण अनुराधा पौडवाल, सोनू निगम अशा गायकांचे आवाज त्यांतून घरोघर गेले, आणि मोठ्या कंपनीच्या कॅसेटी ज्यांना परवडत नव्हत्या त्यांच्या घरी गाणे पोहोचले. माझी तक्रार गाण्यावर नाही, वेष्टनावर आहे. 1949 साली खऱ्या गायिकेचे नाव लेबलावर नव्हते. ऐंशीत न गाणाऱ्याचे नाव लेबलावर आले. दोन्ही वेळा गाणारा मात्र लपलेलाच.

कायद्याने ही गोष्ट हळूहळू ओळखली. 1994 च्या दुरुस्तीने अशा आवृत्तीसाठी दोन वर्षे थांबणे सक्तीचे केले. 2012 च्या दुरुस्तीने ती मुदत पाच वर्षे झाली, आणि मूळ कलावंताचे नाव वा चित्र वेष्टनावर दिशाभूल होईल अशा रीतीने वापरायला बंदी झाली.

मग सीडी स्वतः निर्दोष का? यंत्र म्हणून जवळजवळ होय. सेकंदाला 44,100 वेळा आवाजाचे माप घेणारे हे साधन 1982 साली जपानात विक्रीला आले आणि माणसाच्या कानाला ऐकू येईल तेवढे सगळे त्यात मावते. पण भांडे स्वच्छ असले तरी आत काय ओतले, ते महत्त्वाचे. जुन्या तबकडीची खरखर काढण्यासाठी चाळणी लावली की खरखरीबरोबर सारंगीची धार आणि 'स', 'श' यांचा वाराही निघून जातो. मग गाणे पुढे आल्यासारखे वाटावे म्हणून सगळेच मोठे करतात. कुजबुज आणि हाक एकाच उंचीची होते. 'महल'चे गाणे अशा रीतीने 'सुधारलेले' मी ऐकले आहे. लताबाई कोपऱ्यातून चालत येतच नाहीत. पहिल्या ओळीपासून मायक्रोफोनपाशीच उभ्या. मालाडची ती खोली नाहीशी झालेली असते.

मूळ मुद्रण ओळखायचे तर लेबलाशेजारी कोरलेला क्रमांक पाहावा लागतो, दोन प्रती शेजारी ठेवून ऐकाव्या लागतात. हे किचकट काम करणारी माणसे आपल्यात आहेत. मुंबईत 1990 साली ध्वनिमुद्रिका जमवणाऱ्यांची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' स्थापन झाली आणि 'द रेकॉर्ड न्यूज' हे त्यांचे नियतकालिक निघाले. कोणी काय, केव्हा, कोणत्या क्रमांकावर गायिले याच्या कितीतरी याद्या अशा लोकांनी पदरमोड करून केल्या. आणि बोरिवलीला विविधभारती आहे. 3 ऑक्टोबर 1957 ला सुरू झालेल्या या सेवेने एक सवय कायम पाळली: गाणे वाजवताना गायक, गीतकार, संगीतकार, चित्रपट यांची नावे सांगायची. माझ्यासारख्याला हे पाठच झाले होते, त्यामुळे सीडीवरचा परका आवाज कानाला लगेच खटकला.

त्या रविवारी संध्याकाळी निघताना भाऊजींनी सीडी परत माझ्या हातात दिली. मी म्हटले, "राहू द्या तुमच्याकडेच." ते म्हणाले, "नको, पण मागचा तो कागद दे." त्यांनी भिंग काढले, बारीक अक्षरांतले त्या तिसऱ्या गाण्याच्या गायकाचे नाव वाचले आणि आपल्या वहीत एल.पी.च्या क्रमांकाखाली ते लिहून घेतले.