अस्थिमापन आणि पाठशुद्धि

पोथ्यांचे पाठभेद पडताळण्यांत आमचें बरेंच आयुष्य गेलें. अलीकडे आमचें लक्ष निराळ्या साधनाकडे वळलें आहे. तें म्हणजे उत्खननांत सांपडणाऱ्या हातापायांच्या अस्थि. त्यांवरून मृताची उंची सांगण्याचें जें गणित आहे, त्यावर कितपत विसंबावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

देहमानाचा विचार आपल्याकडे जुना आहे. पुरुषाची उंची चरकसंहितेंत ज्याच्या त्याच्या अंगुलांनीं ८४ सांगितली आहे, सुश्रुतसंहितेंत १२०. संख्या भिन्न असल्या तरी पद्धति एकच. स्वांगुलानें मोजिलें असतां लहानथोरपणा गळून पडतो व अवयवांचें परस्पर प्रमाण तेवढें उरतें. आकारमान व प्रमाण ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें येथें ध्यानांत ठेवावें.

१८९९ सालीं कार्ल पिअर्सन ह्यांनीं फ्रान्सांतील ५० पुरुष व ५० स्त्रिया ह्यांच्या मृतदेहांच्या पूर्वीं घेतलेल्या मापांवरून सूत्रें बसविलीं. पुरुषाच्या मांडीच्या हाडाची लांबी १.८८० नें गुणून तींत ८१.३०६ मिळविले कीं उंची सेंटिमीटरांत येते. हाड ४५ सेंटिमीटर असल्यास उंची सुमारें १६५.९ ठरते. पुढें १९५२ सालीं ट्रॉटर व ग्लेसर ह्यांनीं दुसऱ्या महायुद्धांत पडलेल्या अमेरिकन सैनिकांच्या अस्थि त्यांच्या भरतीच्या वेळीं नोंदलेल्या उंचीशीं ताडून पाहिल्या. त्यांच्या सूत्रांप्रमाणें तेंच ४५ सेंटिमीटरांचें हाड गोऱ्या पुरुषाचें मानल्यास १६८.५, आणि कृष्णवर्णी पुरुषाचें मानल्यास १६५.३ उंची येते. हाड एक, उंची दोन! कारण अवयवांचें प्रमाण समाजासमाजांत बदलतें. शिवाय पहिल्या सूत्रास ३.२७ व दुसऱ्यास ३.९४ सेंटिमीटरांचा प्रमाणदोष त्यांनींच जोडिला आहे.

ह्याहून बोधप्रद गोष्ट नडगीच्या हाडाची. घोट्याच्या आंतल्या बाजूचें टोंक धरून तें मोजावें, असें ट्रॉटर ह्यांनीं लिहिलें. प्रत्यक्षांत मात्र तें टोंक वगळून मोजलें. जँट्झ, हंट व मेडोज ह्यांनीं जुन्या संग्रहांतील अस्थि पुन्हां मोजून १९९४-९५ च्या सुमारास हा प्रमाद उघडकीस आणिला. मूळ मापें १० ते १२ मिलिमीटरांनीं कमी भरलीं होतीं. म्हणून जो कोणी लिहिल्याप्रमाणें मोजून तें सूत्र लावी, त्याची उंची अडीच ते तीन सेंटिमीटरांनीं फुगे. चाळीस वर्षें हा अपपाठ प्रमाण मानिला गेला!

पोथी वाचणारास ह्यांत नवल वाटूं नये. टीकाकार सांगतो एक व मुळांत असतें दुसरें, हा आपला नित्याचा अनुभव. तेव्हां आमची संशोधकांस विनंति इतकीच कीं, प्राचीन मनुष्याची उंची छापतांना हाडाची लांबी, मोजण्याची रीत, योजिलेलें सूत्र व त्याचा प्रमाणदोष हीं चारही द्यावीं. मूळ पाठ न देतां केवळ अर्थ छापणें जसें अप्रशस्त, तसेंच माप लपवून उंची सांगणें होय.