पुढे लाभ, मागे कोप : सोपाऱ्याहून दिसणारे साम्राज्याचे गणित

नकाशाचे पुस्तक आणि मोजपट्टी घ्या. ७३ अंश पूर्व रेखांशाच्या किंचित पश्चिमेला, जवळजवळ एकाच उभ्या रेषेवर, दोन प्राचीन गावे सापडतील. उत्तरेला तक्षशिला, आज पाकिस्तानात असलेली. दक्षिणेला सोपारा, म्हणजे वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीतले आजचे नालासोपारा. आता पाटणा, म्हणजे जुने पाटलिपुत्र शोधा आणि तिथून या दोन्ही गावांचे सरळ रेषेतले अंतर मोजा. दोन्ही अंतरे १,४०० ते १,५०० किलोमीटर भरतील. तक्षशिला ते सोपारा हे अंतर सुमारे १,६०० किलोमीटर. म्हणजे हा जवळजवळ समभुज त्रिकोण झाला.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात या त्रिकोणाची तिन्ही टोके सम्राट अशोकाच्या ताब्यात होती. आपल्या पाठ्यपुस्तकातल्या नकाशात हा सारा प्रदेश एकाच रंगाने भरलेला असतो. मुले संगणकावर साम्राज्य उभारण्याचे खेळ खेळतात, तिथेही तसेच. प्रांत जिंकला की तो आपल्या रंगाचा होतो. पण असा खेळ खेळणाऱ्या कुणालाही विचारा. प्रांत जिंकणे फारसे अवघड नसते. सरहद्दीवर धाड आणि राज्यात उठाव एकाच वेळी आले की खरी पंचाईत होते. खऱ्या राजांनी हा पेच कसा सोडवला असेल?

बातमी आणि सैन्य

आधी थोडे गणित करू. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त सैन्याच्या वेगाची प्रतवारी दिली आहे : दिवसाला एक योजन ही कनिष्ठ चाल, दीड योजन मध्यम आणि दोन योजने उत्तम. योजन म्हणजे सुमारे १४ किलोमीटर धरले, तर मध्यम चालीचे सैन्य दिवसाला २० किलोमीटर जाईल. रस्त्याची वळणे, नद्या आणि डोंगर लक्षात घेऊन पाटलिपुत्र ते सोपारा हा प्रवास १,८०० किलोमीटरचा मानू. सैन्याला ९० दिवस लागतील. त्याआधी बातमी राजधानीत पोचायला हवी. जासूद दिवसाला ६० किलोमीटर गेला तरी त्याला एक महिना लागेल. म्हणजे किनाऱ्यावर गडबड झाल्यापासून राजाचे सैन्य तिथे पोचेपर्यंत चार महिने, तेही वाटेत पावसाळा आला नाही तर.

आता समजा, सैन्य सोपाऱ्याला पोचले आणि तक्षशिलेत बंड झाले. त्रिकोणाची दुसरी बाजूही तितकीच लांब. एकच सैन्य दोन टोकांना असू शकत नाही. नकाशावरच्या एकसारख्या रंगाआड ही अडचण लपलेली असते.

यावर पहिला उपाय म्हणजे सैन्य आणि अधिकार वाटून ठेवणे. मौर्यांच्या उपराजधान्या होत्या : तक्षशिला, उज्जयिनी, तोसली आणि सुवर्णगिरी. तिथे राजपुत्र नेमले जात. उज्जयिनीहून सोपारा सरळ रेषेत ५०० किलोमीटरच्या थोडे वर आहे. महिन्याभरात पोचता येईल. पण या उपायातच धोकाही आहे. ज्याच्या हाती सैन्य आणि खजिना दिला, तोच उलटला तर? श्रीलंकेतल्या बौद्ध इतिवृत्तांनुसार बिंदुसाराच्या अखेरच्या काळात अशोक स्वतः उज्जयिनीला होता आणि तिथून येऊन त्याने गादी मिळवली.

पश्चात्कोप

कौटिल्याने या पेचाला नेमका शब्द वापरला आहे : पश्चात्कोप, म्हणजे आपण पुढे मोहिमेवर असताना मागे उसळलेला क्षोभ. पुढे मोठा लाभ दिसत असेल आणि मागे लहानसा कोप असेल, तर राजाने कशाला महत्त्व द्यावे? त्याचे उत्तर स्पष्ट आहे. मागचा लहान कोपच जास्त वजनाचा, कारण आपली पाठ वळली की तो वाढतो. बाहेरच्या कोपापेक्षा आतला कोप वाईट, असेही तो म्हणतो, आणि त्याला सापाच्या भयाची उपमा देतो.

आतला कोप कशाने होतो? ‘अशोकावदान’ हा ग्रंथ अशोकानंतर काही शतकांनी रचला गेला, त्यामुळे त्यातल्या कथा जपूनच वापराव्यात. त्यात तक्षशिलेच्या उठावाची एक गोष्ट आहे. बिंदुसाराने उठाव मोडायला राजपुत्र अशोकाला पाठवले, तर नागरिक त्याला सामोरे आले. आमचे वैर राजाशी नाही, राजपुत्राशीही नाही. दुष्ट अमात्य आमचा अपमान करतात, अशी त्यांची तक्रार होती. कथा उशिराची असली, तरी अशोकाच्या काळातला दगड तिला काहीसा दुजोरा देतो. ओडिशात धौलीला त्याने नगरातल्या न्यायाधिकाऱ्यांसाठी लेख कोरवला. कुणालाही विनाकारण बंदिवास किंवा छळ होऊ नये, आणि हे पाहण्यासाठी दर पाच वर्षांनी अधिकारी फिरतीवर पाठवला जाईल, असे त्यात सांगितले आहे. उज्जयिनी आणि तक्षशिलेच्या राजपुत्रांनी तर तीन वर्षांच्या आत असा अधिकारी पाठवायचा आहे. दूरच्या प्रांतांत तपासणी अधिक वेळा, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

सोपाऱ्याचा दगड

सोपाऱ्यालाही अशोकाने लेख कोरवले. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथला स्तूप खणला. त्याच वर्षी त्यांना आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा सापडला. तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. या दोन तुकड्यांवरून, इतर ठिकाणी आहे तशी चौदा लेखांची मालिकाच इथे असावी, असे अनुमान निघते.

आठव्या लेखात राजा सांगतो, की पूर्वीचे राजे शिकारीसारख्या विहारयात्रांना जात, मी धर्मयात्रांना जातो. त्यांत वृद्धांना दान देतो, गावोगावच्या लोकांना भेटतो. नवव्यात दास आणि नोकरांशी नीट वागणे हेच खरे मंगलकार्य, असे म्हटले आहे. आपण हे नीतिपाठ म्हणून शिकवतो. पण मघाच्या त्रिकोणात ठेवून पाहिले, तर हे राज्य चालवण्याचे साधनही आहे. सैन्य पोचायला चार महिने लागतात. दगड तिथे कायमचा असतो. मात्र अशोकाने तलवार मोडून टाकली नव्हती. तेराव्या लेखात कलिंगयुद्धातल्या एक लाख मृतांबद्दल पश्चात्ताप आहे, आणि तिथेच अरण्यातल्या लोकांना इशाराही आहे की पश्चात्ताप झालेल्या राजाकडेही सामर्थ्य आहे.

हात बदलणारा किनारा

मौर्यांनंतर हाच किनारा क्षत्रप आणि सातवाहन यांच्यातली सरहद्द झाला. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यांत आपली दाने नोंदवली आहेत. त्यांत भरुकच्छ, म्हणजे भडोचबरोबर सोपाऱ्याचेही नाव येते. त्याच लेखात तो सांगतो, की मालयांनी कोंडलेल्या उत्तमभद्रांच्या प्रमुखाला सोडवायला आपण ऐन पावसाळ्यात गेलो आणि नंतर पुष्करला स्नान केले. पुष्कर राजस्थानात, सोपारा कोकणात! एकाच सत्तेचे हात किती लांबवर ताणले होते, ते यावरून दिसते.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाच्या क्षहरात घराण्याचा पाडाव केला. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा साठा मिळाला. त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारला होता. म्हणजे दर दहांतली सुमारे सात नाणी. राज्य बदलले, ही बातमी माणसांच्या हातातून फिरत होती.

पण नाण्यावरचा छाप बदलला की प्रांत आपला होतो का? नाशिकच्याच लेण्यांत याचे उत्तर आहे. आपल्या अठराव्या राज्यवर्षी गौतमीपुत्राने विजयी छावणीतून आज्ञा काढली आणि पूर्वी उषवदाताकडे असलेले कखडी गावातले २०० निवर्तने शेत भिक्षूंना दिले. चोविसाव्या वर्षी त्याला दुसरी आज्ञा काढावी लागली : ते शेत कसले जात नाही, गावात वस्ती नाही, म्हणून त्याऐवजी दुसरे १०० निवर्तने शेत द्यावे. सहा वर्षे झाली, तरी गाव ओसच होते.

इ. स. १५० मधला रुद्रदामन क्षत्रपाचा जुनागढचा लेख पाहा. अपरांत, म्हणजे हा कोकणकिनारा, पुन्हा क्षत्रपांकडे गेल्याचे तो सांगतो. त्याच लेखात सुदर्शन तलावाचा बांध वादळी पावसात फुटल्याची हकिकत आहे. भगदाड ४२० हात लांब. मंत्र्यांनी दुरुस्तीला विरोध केला, लोक हवालदिल झाले. तेव्हा रुद्रदामनच्या सुविशाख नावाच्या पल्हव अमात्याने बांध पुन्हा उभारला. प्रजेवर कर, वेठ किंवा जबरी वर्गणी न लादता राजाच्या खजिन्यातून खर्च केला, असे लेखात आवर्जून म्हटले आहे. लढणाऱ्या राजाने हे दगडावर का कोरवले असेल? पश्चात्कोप आठवा.

वर्गासाठी

हा पेच मुलांना खेळून पाहता येईल. फळ्यावर त्रिकोण काढा. पाटलिपुत्रात १२ खडे (सैन्य) आणि १२ चिंचोके (खजिना) ठेवा. एक फेरी म्हणजे एक महिना. दर फेरीला एक चिंचोका उत्पन्न. फासा टाका : १ पडला तर सोपाऱ्यावर धाड, २ पडला तर तक्षशिलेत उठाव. शमवायला तीन खडे लागतात. ते राजधानीतून पोचायला चार फेऱ्या, आणि तोवर दर फेरीला दोन चिंचोके नुकसान. खडे आधीच प्रांतात ठेवता येतील. पण एका प्रांतात सहा किंवा जास्त खडे असताना फाशावर ६ पडला, तर तिथला अधिकारी स्वतंत्र होतो. तिसरा मार्ग : तीन चिंचोके खर्चून प्रांतात बांध किंवा तपासणी अधिकारी. त्यामुळे तिथला पुढचा एक उठाव टळतो, धाड मात्र टळत नाही. चोवीस फेऱ्या खेळा आणि कोणत्या गटाने काय केले, ते नोंदवून तुलना करा.

खेळ संपल्यावर एक प्रश्न जरूर विचारा. गौतमीपुत्राच्या राज्याचा नकाशा रंगवताना ओस पडलेल्या कखडी गावाला कोणता रंग द्यायचा? उत्तरांवर वाद होऊ द्या.